तट आणि तारवे

पेडण्यातील तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी त्यांच्या आरमाराचा पराभव केला आणि पाठोपाठ किल्लाही गेला. पुढे ब्रिटिश साम्राज्यासही हाच धडा मिळाला. जटलंडच्या लढाईचे सेनानी अॅडमिरल जेलिको १९१९ मध्ये पाहणीसाठी मुंबईस आले. पूर्वेकडे कायमचे प्रबळ आरमार आणि सिंगापूरला तळ हवा, असा त्यांचा सल्ला होता. काटकसरी सरकारने तळ तेवढा पत्करला. आरमार प्रसंगी युरोपातून धाडू, असे ठरविले. जेलिको १९३५ मध्ये निवर्तले, तळ १९३८ मध्ये सिद्ध झाला. १९४१ च्या डिसेंबरात आलेल्या दोन्ही मोठ्या युद्धनौका जपानी विमानांनी बुडविल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. तारवांवाचून तट व्यर्थ ठरला. त्याची किंमत ब्रिटिश बोटींवरील गोमंतकीय खलाशांनीही मोजली.