इंजिनाच्या नवीन रिंगा मोजूनच बसवा
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



रब्बीच्या पाळ्या सुरू असताना विहिरीवरचे डिझेल इंजिन बंद पडून चालत नाही. हँडल मारताना दाब लागत नाही, निळसर धूर येतो, ऑइल वरचेवर घालावे लागते, ही बहुधा रिंगा झिजल्याची लक्षणे असतात. मग आपण इंजिन खोलतो आणि नवीन रिंगा पुडक्यातून काढून थेट पिस्टनवर चढवितो. तसे करू नये. फिलर गेज जवळ असेल तर तपासणीला फार वेळ लागत नाही.

प्रथम रिंग लायनरमध्ये घालावी व उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करावी. लायनरच्या तळाशी, जेथे झीज नसते, तेथे रिंगेच्या दोन टोकांमधील फट मोजावी. ८० मि.मी. बोअरच्या इंजिनात ही फट साधारण ०.२५ ते ०.३५ मि.मी. असावी, मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. फट कमी असेल तर रिंग तापून वाढते, टोके एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि लायनरवर ओरखडे पडतात. अशा वेळी टोक बारीक कानशीने, बाहेरून आतल्या बाजूस, थोडे थोडे घासावे.

आता तीच रिंग लायनरच्या वरच्या झिजलेल्या भागात मोजावी. दोन्ही फटींतील फरकाला ३.१४ ने भागले की लायनर किती झिजला ते कळते. उदाहरणार्थ, खाली ०.३० व वर ०.९० मि.मी. फट आल्यास बोअर सुमारे ०.१९ मि.मी. वाढला आहे. झीज पुस्तिकेतील मर्यादेबाहेर असेल तर नुसत्या रिंगांवर केलेला खर्च वाया जातो, लायनरही बदलावा. लायनरच्या वरच्या टोकाला कंगोरा राहिला असेल तर नवीन रिंग त्यावर आपटून तुटू शकते, हेही पाहावे.

पिस्टनच्या खाचांतील काजळी जुन्या तुटक्या रिंगेने खरवडून काढावी. रिंग खाचेत मोकळेपणाने फिरली पाहिजे, पण खालीवर खडखडू नये. बिडाची रिंग जास्त फाकविल्यास मोडते, म्हणून रिंग एक्स्पांडर वापरावा. खूण असलेली बाजू पिस्टनच्या माथ्याकडे ठेवावी. सर्व फटी एका रेषेत आणू नयेत. तीन रिंगा असल्यास एकतृतीयांश फेऱ्याच्या अंतराने फिरवाव्यात. मग ऑइल लावून, रिंगा क्लॅम्पने आवळून पिस्टन उतरवावा. ठोकाठोक करू नये.

इंजिन सुरू झाल्यावर पहिले काही तास पूर्ण भार देऊ नये. सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळावा, म्हणजे भार कमी होतो. त्यानंतर ऑइल बदलावे.

काम मिस्त्रीकडून करून घेत असाल तरी मापे आपल्यासमोर घ्यायला सांगा व वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन उघडाल तेव्हा झीज किती वाढली हे त्याच आकड्यांवरून कळेल.