मामाजींची एफसी आणि आम्ही दोघी

आम्ही दोघी जावा. नागपुरात मानेवाड्याकडे आमचं घर, काटोलजवळ थोडा संत्र्याचा बगिचा. गेली दोन वर्षं येणारी-जाणारी प्रत्येक बाई आम्हाला विचारते, "अंगणात हा मेटॅडोर कशाला उभा केलाय?" सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, तो शब्द खपत नाही. "मेटॅडोर नोहे जी, एफसी हाय ते," असं ते खुर्चीतूनच सांगतात. आज त्या एफसीबद्दल बोलायचं आहे.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. विलीज ही जीपवाली अमेरिकन कंपनी. तिनं १९५० च्या दशकात हा नाक नसलेला छोटा ट्रक काढला आणि १९६५ पासून महिंद्रानं तो आपल्याकडे बनवला. इंजिन जीपचंच, चार सिलिंडरचं, पण ते पुढे बॉनेटखाली नाही. ते केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली असतं. नागपूरच्या मे महिन्यात ही रचना कशी वाटत असेल, ते सांगायला नको. सासूबाई त्या पेटीवर गोधडीची चौपदरी घडी टाकून हात टेकवायच्या. मामाजींनी ही गाडी १९६८ साली घेतली आणि कितीतरी हंगाम काटोलहून नागपूरच्या बाजारात संत्री आणली. १९८४ मध्ये पेट्रोल परवडेना, तेव्हा बऱ्याच जणांनी केलं तेच त्यांनीही केलं. मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं. पुढे तेही बंद पडलं आणि गाडी बगिच्यातच उभी राहिली.

दोन वर्षांपूर्वी थोरलीचे मिस्टर, म्हणजे धाकटीचे भासरे, म्हणाले की दिवाळीच्या आत भंगारात देऊन टाकू, वजनावर पैसे मिळतील. मामाजी काही बोलले नाहीत. त्या दिवशी जेवलेही नाहीत. आम्ही दोघींनी भांडी घासता घासता ठरवलं की भिशीचे पैसे आहेत, गाडी घरी आणू. खरं सांगायचं तर त्या वेळी आम्हाला पाना सोळाचा की सतराचा, तेही कळत नव्हतं.

पहिलं काम आम्ही उलटं केलं. रंग कुठला द्यायचा यावर आठ दिवस वाद घातला. हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका आमच्या ओळखीचे. ते आले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "आधी आरसी बुक दाखवा." त्यांचं म्हणणं असं की कागद जुळत नसेल तर अंगणात फक्त शोभेचा पत्रा उभा राहील. ते बरोबर होतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. नव्यानं नोंद करायची तर २०,००० रुपये फी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, मुदत १० वर्षं. पण आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. तो जुना नंबर मामाजींना अजून तोंडपाठ आहे. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र नाही.

अडचण इथेच होती. आरसी बुकात इंजिनचा नंबर पेट्रोलच्या इंजिनचा, गाडीत डिझेलचं. बदलाची नोंद कुणी केलीच नव्हती. मूळ इंजिनाचं काय झालं, असं मामाजींना विचारलं तर म्हणाले, "काहून शोधता? मोटारीच्या खोलीत हाय ना." आणि खरंच, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून चाळीस वर्षं जो लोखंडी धोंडा लावला होता, तो इंजिनचा ब्लॉक होता. नंबर असतो पाण्याच्या पंपाच्या मागे, ब्लॉकच्या उंचवट्यावर. आम्ही तो तारेच्या ब्रशनं घासला, वर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी फिरवली. लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो ना, तसंच. एकेक आकडा उमटत गेला. बुकातल्या नंबराशी जुळला. धाकटी तिथेच मातीत बसून रडली. थोरली नाही रडली, पण घरी येताना गाडी तिला चालवायला दिली नाही.

मग डिझेलचं इंजिन उतरवलं. इथे एक सांगतो. टिनाच्या शेडच्या पाइपाला चेन-पुली अडकवू नका. आम्ही तेच करणार होतो, काकांनी थांबवलं. जाड पाइपांची तिपाई उभी केली आणि मग इंजिन उचललं. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधी नाही, खाली लाकडी ठोकळे हवेतच. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती भडकते.

गंज मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या अकलेनं निघतो. पितळेला चिंच लावतो ना? तसंच नट-बोल्ट, बिजागऱ्या, दाराच्या कड्या लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायच्या. सकाळी ब्रश, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, कोरडं करून लगेच तेलाचा हात. लगेच म्हणजे लगेच, चहाला गेलात तर परत तांबूस दिसतं. स्प्रिंगा मात्र त्यात टाकू नका, कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. नागपूरची हवा कोरडी, त्यामुळे बाहेरचा पत्रा बराच वाचला होता. गंज होता तो पायाखालच्या रबरी चटईच्या आत आणि दाराच्या तळाशी, जिथे पावसाळ्याचं पाणी मुरून राहतं. तेवढे तुकडे कापून नवीन पत्रा जोडला. इंजिनची पेटी डिझेलसाठी कापून रुंद केली होती, तीही मापात आणावी लागली. मापं मामाजींनी हाताच्या वितीनं दाखवली. वेल्डिंगवाला सगळे प्रश्न आमच्या नवऱ्यांना विचारायचा आणि उत्तरं आम्ही द्यायचो. दोन महिन्यांनी सवय झाली त्याला.

जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून घासायचं, तोंडाला मास्क, मुलं लांब. ब्रेकच्या जुन्या लायनिंगची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची, कारण त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. उन्हाळ्यात आम्ही पहाटे पाच ते नऊ एवढंच काम करायचो. त्यानंतर पाना हातात धरवत नाही.

ब्लॉक काटेकोर तपासून बोअर करून घेतला. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी जुनी रचना. त्यामुळे ज्यानं आधी जीप उघडली आहे अशाच मिस्त्रीकडे काम दिलं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा नवे, इथेनॉल सोसणारे.

आता चुकीचं सांगतो, कारण ती आमचीच आहे. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आणि सगळ्यांना तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून. आताच्या गाड्यांसारखे दोन वेगळे मार्ग नाहीत. एका ठिकाणी गळलं की सगळं पेडल खाली जातं. आम्ही तीन चाकांचे व्हील सिलिंडर बदलले. चौथा उघडून पाहिला, कोरडा दिसला, पैसेही संपत आले होते. "चालेल हा," असं आम्हीच ठरवलं. काकांना विचारलं नाही. इंजिन सुरू झालं त्या दिवशी सगळं घर अंगणात. मामाजी शेजारच्या सीटवर. धाकटीनं गाडी उताराकडे घेतली, ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. हँडब्रेक या गाडीत चाकांवर नसतो, मागच्या शाफ्टवर असतो. तो ओढला, पण तोवर गाडी कंपाउंडच्या भिंतीला टेकली होती. चार विटा पडल्या. पुढे नाक नाही ना या गाडीला, भिंत आणि मामाजींचे गुडघे यांत एक पत्रा होता फक्त. त्यांना खरचटलंही नाही. ते म्हणाले, "भिंत मंग बांधू." पण त्या रात्री आम्ही दोघी झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी चौथा सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि सगळे होज, सगळं नवं घातलं. पैसे भासऱ्यांनी दिले, एक शब्द न बोलता.

रंग शेवटी मामाजींनी ठरवला, पहिला होता तोच, फिकट हिरवा. मागच्या फाळक्यावरचे पेट्यांनी पडलेले चरे आम्ही भरले नाहीत. रंगारी दोनदा म्हणाला, भरून देतो. नको म्हटलं.

अर्ज दिला आहे. त्याआधी कार्यालयात विचारून घ्या, तुमच्या बुकात गाडी खाजगी लिहिली आहे की मालवाहू. पुढची वाट त्यावर ठरते. नियमानं अशा गाडीनं धंदा करता येत नाही. रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. म्हणजे काटोलची संत्री बाजारात नेणं नाही. मामाजींना हे सांगायला आम्ही घाबरत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् घरी खायच्या संत्र्याची एक टोपली?" ते आम्ही कार्यालयात विचारलेलं नाही अजून. कागद येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर जात नाही. रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन सुरू करतो, पेटीवर गोधडीची घडी असते आणि मामाजी आत जाऊन बसतात.