एस.टी.ची निगा आणि आपले कर्तव्य
(देवगड येथे ज्ञातीमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव, लग्नकार्यातील खर्च, शिक्षणनिधी या विषयांवर दरवर्षी भाषणे होतात, आणि ती व्हावयासच हवीत. आज मात्र आम्ही आपले लक्ष एका अगदी नित्याच्या, म्हणूनच दुर्लक्षिलेल्या गोष्टीकडे वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे एस.टी.च्या गाडीची नियमित तपासणी. हा विषय यंत्रशाळेचा, त्याचे ज्ञातीसंमेलनात काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, आपली मुले रोज सकाळी ज्या गाडीत बसून शाळा-महाविद्यालयात जातात, तिचे ब्रेक कोणी आणि केव्हा पाहिले, हा प्रश्न प्रत्येक आईबापाचा आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. परंतु तिचा रूळ देवगडला शिवत नाही. नांदगाव किंवा कणकवली गाठावयाची तरी आधी रस्ताच धरावा लागतो. आपल्या तालुक्यात देवगड आणि विजयदुर्ग अशी दोन आगारे आहेत. शाळकरी मुले, बाजारास जाणाऱ्या बाया, इस्पितळात निघालेले वृद्ध या सर्वांचा भार बव्हंशी या आगारांच्या गाड्यांवर आहे.

आपली ज्ञाती दर्यावर्दी. तिला निगा म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्या काळात होडी किनाऱ्यावर ओढली जाते, फळ्यांचे सांधे तपासले जातात, त्यांत कापूस ठोकला जातो, बुडाला तेल दिले जाते, इंजिन उघडून पाहिले जाते. होडीत पाणी शिरेपर्यंत कोणीही शहाणा तांडेल थांबत नाही. मोडल्यावर करावयाची ती दुरुस्ती आणि मोडू नये म्हणून करावयाची ती निगा, हा भेद आपल्या पूर्वजांस पुरता ठाऊक होता. मोटारगाडीच्या बाबतीत तोच भेद आपण विसरतो.

गाडीची निगा तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी रोजची. गाडी बाहेर पडण्यापूर्वी इंजिनातील तेल, रेडिएटरमधील पाणी, टायरमधील हवा, दिवे, वायपर, भोंगा आणि ब्रेकच्या हवेचा दाब पाहावयाचा. चाकाच्या नटांवर हातोडीने ठोकून आवाज ऐकावयाचा. घट्ट नटाचा नाद खणखणीत येतो, सैल नटाचा बोदा. दुसरी पायरी काही दिवसांच्या अंतराने येणारी. तीत ग्रीस भरणे, पाटे पाहणे, ब्रेकच्या लायनरची झीज मोजणे, स्टिअरिंगचा सैलपणा पाहणे ही कामे येतात. तिसरी पायरी ठराविक किलोमीटर धावल्यानंतरची. तेव्हा गाडी खड्ड्यावर उभी करून एकेक भाग उघडावा लागतो. याहून मोठे काम निघाल्यास दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये प्रत्येक प्रवासी वाहनास योग्यता प्रमाणपत्रही घ्यावे लागते. परंतु ते प्रमाणपत्र त्या दिवसापुरते खरे असते; पुढच्या दिवसांची हमी आगारातल्या यांत्रिकाचा हातच देऊ शकतो.

ही निगा देशावर जितकी आवश्यक, त्याहून कोकणात अधिक आवश्यक आहे. त्याची कारणे तीन. पहिले कारण खारा वारा. लोखंड त्याने गंजते. सांगाड्याच्या पोटात, जेथे सहसा कोणी पाहत नाही, तेथे हा गंज आधी धरतो. दुसरे कारण दमट हवा. मोठ्या गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्या हवेतील बाष्पाचे टाकीत पाणी होते; ते नियमाने काढून टाकले नाही, तर नळ्या आणि झडपा गंजतात व ब्रेकचे काम बिघडते. तिसरे कारण घाट. कोल्हापूरची गाडी फोंडाघाटातून किंवा करूळघाटातून जाते. उतरताना चालकाने खालचा गिअर धरावयाचा असतो. तो केवळ ब्रेकवर विसंबला तर ड्रम तापतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. लायनर आधीच झिजलेले असतील, तर अशा वेळी चालकाचे कौशल्यही अपुरे पडते. यांत लाल धुळीने तुंबणारे हवेचे गाळणे आणि पावसाळ्यात खड्ड्यांनी खिळखिळे होणारे पाटे यांची भर घालावी.

आता प्रश्न असा की, हे सर्व ठाऊक असता निगा का चुकते? आमच्या मते त्याचे मूळ आळसात कमी आणि टंचाईत अधिक आहे. गाडी तपासणीस थांबवावयाची तर तिच्या जागी दुसरी पाठविण्यास हवी. आगारात शिलकी गाडी नसेल, तर फेरी रद्द करावी लागते. फेरी रद्द झाली की थांब्यावर आरडाओरड होते. अशा कोंडीत तपासणी 'उद्या करू' म्हणून ढकलली जाते. शिवाय वस्तीची गाडी रात्री गावातच मुक्काम करते. सकाळी ती आगाराच्या यांत्रिकाच्या दृष्टीस पडत नाही, तिची तपासणी एकट्या चालकाच्या दक्षतेवर राहते. उभी गाडीही निर्धोक नसते. २०२० सालच्या टाळेबंदीत आणि २०२१-२२ सालच्या दीर्घ संपात शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. अशा वेळी बॅटरी उतरते, टायर एका बाजूने दबतात, रबरी भाग कडक होतात. बंद घरास जशी वाळवी, तशी बंद यंत्रास स्तब्धता.

आणखी एक धोका आहे, आणि तो शिक्षकांस चांगला परिचित आहे. शाळातपासनीस येणार म्हटले की आदल्या दिवशी भिंती झाडल्या जात, वह्या लाल शाईने भरल्या जात. तपासणी झाली असे कागद म्हणे. मुलांस पाढे येतात की नाही हे निराळेच. गाडीच्या नोंदवहीतही न पाहता खूण करता येते. मुलाचा कच्चा पाढा पुढील इयत्तेत सुधारता येतो. घाटातल्या ब्रेकला पुढील इयत्ता नाही. म्हणून त्या खुणेमागे प्रामाणिक डोळा असावा, आणि त्या डोळ्यास पुरेसा वेळ, उजेड व सुटे भाग मिळावेत, ही मागणी आपण करावयास हवी. १ जून २०२२ पासून महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरची गाडी धावू लागली. तिला डिझेल नको; पण टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग तिलाही आहेत. यंत्र बदलले म्हणून निगेचा धर्म बदलत नाही.

यास्तव आम्ही ज्ञातीबांधवांसमोर चार सूचना ठेवतो. पहिली : चालकाने 'गाडीत दोष आहे, नेणार नाही' असे म्हटल्यास त्याच्यावर ओरडू नये. तो आपलाच जीव राखीत असतो. दुसरी : प्रवासात ब्रेकचा विचित्र आवाज, डळमळणारे चाक, बंद वायपर आढळल्यास घरी येऊन चर्चा करण्याऐवजी आगारात गाडीच्या क्रमांकासह लेखी कळवावे. तिसरी : ग्रामपंचायतींनी व आपल्या मंडळाने नव्या फेऱ्यांची मागणी करताना शिलकी गाड्या व यांत्रिकांची भरती यांचीही मागणी त्याच अर्जात करावी.

चौथी सूचना आपल्या घरची आहे. आपण डॉक्टर, वकील, अभियंता झालेल्या तरुणांस शाल-श्रीफळ देतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार यांत्रिक होऊन, शिकाऊ उमेदवारी करून, रात्रपाळीस गाडीखाली उताणा पडणारा मुलगा मात्र आपल्या यादीत येत नाही. स्थळ पाहतानाही त्याच्या काळ्या हातांकडे बोट दाखविले जाते. तो आपले काम नीट करतो तेव्हा काहीच घडत नाही. गाडी वेळेवर सुटते, वेळेवर पोहोचते, आणि कोणास त्याचे नावही कळत नाही. ज्याच्या कामाचे फळ म्हणजे अपघात न होणे, त्याचा गौरव समाजाने आपणहून करावयास हवा. पुढील संमेलनापासून ज्ञातीतील एका यांत्रिकाचा सत्कार या व्यासपीठावर व्हावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने आजच विचारात घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.