सरकारवर भरवसा कधी बसतो?

(रेवदंडा येथील भाषण)



‘सरकारी काम अन् सहा महिने थांब,’ असे आपण हसत हसत म्हणतो. पण भरवसा उडाला की नुकसान आपलेच होते. कसे ते सांगतो.

३ जून २०२० चा दिवस आठवा. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. किनाऱ्यावरची हजारो माणसे सुरक्षित जागी हलवली गेली. इशारा खरा ठरला. लोकांनी तो मानला, म्हणून जीव वाचले.

वाड्या मात्र वाचल्या नाहीत. नारळी-पोफळी आडव्या झाल्या. सरकारने बागांना हेक्टरी ५०,००० रुपये मदत ठरवली. रक्कम ऐकायला मोठी. पण हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे. मग गुंठ्याला आले ५०० रुपये. ज्याची वाडी ५ गुंठ्यांची, त्याला अडीच हजार! त्यात वाडी पुन्हा कशी उभी राहायची? जमीन नको, झाडे मोजा, अशी मागणी झाली. मग नारळाच्या झाडामागे २५० आणि सुपारीच्या झाडामागे ५० रुपये ठरले. नुकसान भरून निघाले असे नाही. पण आपले म्हणणे वरपर्यंत पोचते, हे लोकांना दिसले.

परदेशातही असेच आहे. जपानात आगगाडी अगदी वेळेवर धावते. तरी तिथल्या पुष्कळ लोकांचा सरकारवर विश्वास नाही. स्वीडन देशात सरकारी कागद लोकांना पाहता यावेत, असा कायदा १७६६ साली झाला. तिथे सरकारवर लोकांचा विश्वास बराच आहे. त्याला इतरही कारणे आहेत. पण नुसते काम पुरत नाही, कामाचा हिशेबही दिसावा लागतो, एवढे आपण यातून घ्यावे.

आपल्याकडेही २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, हे त्यामुळे ठरवून दिलेले असते. मुदत टळली तर अपील करता येते. म्हणून अर्ज दिला की पोच घ्या. ग्रामसभेला जा. खर्च विचारा.

आणि मंडळी, आता तुम्हांला वाचता येते. पंचनाम्यावर आंगठा उठवू नका. झाडे किती लिहिली, ते आधी वाचा. मग सही करा.

पुन्हा कधी वादळाचा इशारा आला, तर तो मात्र लगेच माना. हिशेब मागून घेता येतो, गेलेला जीव परत येत नाही.