कंपाचे निदान
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पावर हाउस स्थानकावरून जाणाऱ्या रेल्वेगाडीचा ताल ज्यांनी लहानपणी ऐकला, त्यांना मोजणीचा एक जुना खेळ आठवत असेल. रुळाचा एक तुकडा १३ मीटरचा आणि प्रत्येक सांध्यावर चाकाचा एक ठोका. शंभर ठोके झाले की गाडी १.३ किलोमीटर पुढे गेली. याच भिलाईच्या पोलाद कारखान्यातून आता २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ बाहेर पडतात आणि तो ठोका विरळ झाला आहे. खेळामागचे तत्त्व मात्र कायम आहे. आवाज मोजला की त्याचे कारण सापडू लागते. जुन्या स्पोर्ट्स कारच्या थरथरण्याचे निदान याच तत्त्वावर चालते.

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली एमजीबी ही गाडी उदाहरणादाखल घेता येईल. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि मध्ये गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत फिरणारा प्रोपेलर शाफ्ट. अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनी यांची रचनाही अशीच असल्याने जी. ई. रोडवरील जुन्या मिस्त्रींना ती नवी नाही.

अशी गाडी ताशी ८० किलोमीटरला थरथरू लागली की मालक प्रथम टायर बदलतो, मग इंजिनाचे माउंटिंग, मग क्लच. पैसा जातो, दुर्मीळ झालेले मूळ सुटे भाग भंगारात जातात आणि थरथर तशीच राहते. चूक हातांची नसते; प्रश्न विचारण्याआधीच उत्तर दिलेले असते.

पहिला प्रश्न उभ्या गाडीला विचारावा. जागेवरच इंजिनाचे फेरे वाढवल्यावर कंप आला, तर दोष इंजिन, क्लच किंवा माउंटिंगकडे आहे. दुसरा प्रश्न मोकळ्या, सरळ रस्त्यावर. वेग तोच ठेवून चौथ्याऐवजी तिसरा गिअर टाकावा. इंजिन आता सुमारे १.४ पट वेगाने फिरते, पण शाफ्टचे आणि चाकांचे फेरे बदलत नाहीत. कंप जसाच्या तसा राहिला, तर इंजिन निर्दोष ठरते. तिसरा प्रश्न न्यूट्रलमध्ये. गाडी आपल्या गतीने धावू द्यावी. इंजिन बंद मात्र करू नये, कारण किल्ली फिरल्यास स्टिअरिंगला कुलूप लागण्याचा धोका असतो. कंप नाहीसा झाला, तर त्याचा संबंध ओढीच्या भाराशी आहे. तो टिकला, तर चाक किंवा शाफ्ट यांकडे वळावे.

येथे गणित मदतीला येते. चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर धरला, तर ८० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ १२ फेरे घेते. मागच्या धुऱ्याचे गुणोत्तर ३.९ असल्याने शाफ्ट सुमारे ४६ फेरे घेतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जो सांधा असतो, ज्याला मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात, तो तिरक्या कोनातून फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या सांध्याचा अभ्यास केला होता. म्हणून सांध्याचा कंप सेकंदाला ९२. चाकाची ती थरथर, शाफ्टचा तो घुमारा आणि सांध्याचा स्वर त्या घुमाऱ्याच्या बरोबर एक सप्तक वर. हा भेद मराठी कानाला शब्दासह उपलब्ध आहे. ‘गाडी हलते’ एवढेच सांगणारा आणि ‘थरथर नाही, घुमारा आहे’ असे सांगणारा यांच्यात निम्म्या निदानाचे अंतर असते.

शाफ्टच्या कडेला १० ग्रॅमचा असमतोल असला, तर या वेगाला तो सुमारे दोन किलोच्या वजनाइतकी ओढ निर्माण करतो. ४० च्या वेगाला फक्त अर्ध्या किलोइतकी. वेग दुप्पट, ओढ चौपट. म्हणूनच गावात शांत असणारी गाडी महामार्गावर तक्रार करते.

सर्वांत चकवणारा दोष मात्र कोणत्याच भागात नसतो. पुढच्या सांध्याने निर्माण केलेली चढउतार मागचा सांधा पुसून टाकतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच पातळीत हवेत आणि दोन्ही कोन सारखे हवेत. क्रॉस बदलताना शाफ्टचे सरकते दाते एका घराने चुकून बसले, तर सर्व भाग नवे असूनही गाडी घुमते. उपाय सोपा आहे: खोलण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढावी.

तपासणी करताना चाकांना उटी लावून, गाडी भक्कम स्टँडवर घेऊनच खाली जावे. शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली किंवा ढिलेपणा जाणवला, तर गाडी चालवू नये. पुढचा क्रॉस तुटल्यास शाफ्टचे टोक रस्त्यावर आदळते, आणि तेथे प्रश्न खर्चाचा राहत नाही, जिवाचा होतो.

गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीत ओढ पुढच्या चाकांना असल्याने हा लांब शाफ्टच नाही. तेथे वळताना येणारी कटकट चाकाजवळच्या सांध्याकडे बोट दाखवते. गाडी बदलली की उत्तरे बदलतात. विचारण्याची पद्धत बदलत नाही.

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: रोगाचे कारण ओळखणे, आणि ‘कमीत कमी’. शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने, पाना हाती घेण्यापूर्वी, निदान एक प्रश्न नीट विचारावा. बहुतेक वेळा निदान तेथेच सुरू होते.