मध्यरात्रीचे जंक्शन : नागपूरचा सोनेगाव विमानतळ

(नागपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वेच्या माणसाला नागपूरचे महत्त्व सांगावे लागत नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग इथे एकमेकांना छेदतात. इथले डायमंड क्रॉसिंग आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पण असेच एक जंक्शन इथल्या सोनेगाव विमानतळावरही होते आणि ते टपालासाठी होते, हे आपल्या तरुण साथींपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

हा विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या काळातला, 1917-18 च्या सुमाराचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने त्याचा वापर केला. स्वातंत्र्यानंतर तो भारत सरकारकडे आला. युद्धासाठी तयार झालेली ही धावपट्टी जनतेच्या कामी कशी आली, ते पाहण्यासारखे आहे.

जानेवारी 1949 मध्ये रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत. चारही शहरे नागपूरपासून हवाई मार्गाने 1000 किलोमीटरच्या आत. मध्यरात्री चारही विमाने सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात पोचण्याची सोय झाली.

त्या वेळी रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते. 1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना सुरू झाली. त्याआधी विमानाने पत्र पाठवायचे तर वेगळा आकार द्यावा लागे. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात विमानात पाय ठेवला नाही, त्याचे पत्रही विमानाने जाऊ लागले. सार्वजनिक सेवा म्हणतात ती हीच.

ही सेवा आधी खाजगी विमान कंपन्यांनी चालवली. 1953 मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. ऑक्टोबर 1973 मध्ये ती बंद झाली. जवळपास पंचवीस वर्षे ती चालली, ती केवळ नागपूर नकाशाच्या मध्यावर आहे म्हणून नव्हे. जंक्शनवर एक गाडी लेट झाली की बाकीच्यांचे काय होते, हे आपण जाणतो. इथेही तेच होते. वैमानिक, दिवे आणि बिनतारी यंत्रणा सांभाळणारे, थैल्या उचलणारे आणि टपाल खात्यातले सॉर्टर या सर्वांची रात्रपाळी एकमेकांत अडकलेली होती.

आज हाच विमानतळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. 3,200 मीटरची धावपट्टी आहे. 2008 मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. 2009 मध्ये कारभार मिहान इंडिया लिमिटेडकडे गेला. त्यात राज्याच्या विमानतळ विकास कंपनीचा वाटा 51 टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा 49 टक्के. पुढे निविदा निघाली, ती 2020 मध्ये रद्द झाली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जीएमआर समूहाच्या कंपनीशी सवलत करार झाला.

मित्रांनो, नव्या इमारतीला किंवा जादा विमानांना आमचा विरोध नाही. विदर्भाला त्यांची गरज आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे : जमीन जनतेची, धावपट्टी जनतेच्या पैशाची, मग नफ्याच्या हिशेबात टपालाच्या थैलीला आणि ती उचलणाऱ्या हाताला जागा कोणती?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. टपालाच्या चढ-उताराला विमानतळावर जागा राखून ठेवावी आणि तिचे भाडे परवडणारे असावे. लोडर, सफाई आणि ट्रॉली कामगारांची नोकरी कंत्राटदार बदलला म्हणून जाऊ नये. आणि करारातील कामगारविषयक अटी संघटनांना लेखी मिळाव्यात.

विमानतळावरचा कंत्राटी कामगार बहुधा आपल्या संघटनेत नाही. त्याच्याकडे आपणच गेले पाहिजे. रेल्वे आणि टपाल कामगारांना रात्रपाळी समजते. त्याची अडचण आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? इथून परत गेल्यावर प्रत्येक शाखेने निदान दोन साथींवर हे काम सोपवावे, एवढी आमची विनंती आहे.