आपल्या कामाविषयी लिहिताना

(पदवी व पदविकाधारक युवक-युवती आणि त्यांचे पालक यांच्यासाठी योजलेल्या व्यवसाय मार्गदर्शन वर्गातील भाषणाचे संपादित रूप)



‘लिंक्डइनवर आपल्या व्यवसायाविषयी वाचनीय कसे लिहावे’ हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपवला, तेव्हा एका समवयस्क स्नेह्यांनी विचारले, “आयुष्यभर दुसऱ्यांविषयी लिहिलेस, स्वतःविषयी लिहायला शिकवण्याचा अधिकार तुला कोणी दिला?” प्रश्न रास्त आहे. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रे आणि संगणक यांच्याशी माझा संबंध कामापुरता. परंतु आलेल्या मजकुरातले काय छापावे आणि काय टोपलीत टाकावे, हे ठरवण्यात माझी उमेद गेली आहे. वाचक कोणत्या ओळीवर थांबतो आणि कोणत्या ओळीवर पान उलटतो, एवढे मला सांगता येते. आजच्या विषयाला तेवढी शिदोरी पुरेल.

ज्येष्ठांसाठी थोडी पार्श्वभूमी. लिंक्डइनची स्थापना २००२ च्या अखेरीस अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मे २००३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २६ अब्जांहून अधिक डॉलर मोजून घेण्याचा करार केला. आरंभी तेथे शिक्षण आणि नोकऱ्यांची नोंद करून ठेवण्यापलीकडे फारसे काही नव्हते. २०१४ पासून सामान्य सभासदांनाही दीर्घ लेख प्रसिद्ध करण्याची सोय हळूहळू मिळू लागली आणि त्या नोंदवहीचे रूपांतर एका अखंड चालणाऱ्या सभेत झाले. २०२३ मध्ये जगभरातील सभासद १०० कोटींच्या पुढे गेले. त्यांत अमेरिकेखालोखाल भारतीय आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये हिंदी आली, त्यानंतर मराठीचीही सोय झाली. म्हणजे भाषेची सबब आता उरलेली नाही.

सबब उरली आहे ती संकोचाची. आपल्या घरांतून ‘आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये’ हे वाक्य पाढ्यांबरोबर शिकवले जाते. त्याला आधारही थोर आहे. दासबोधातील मूर्खलक्षणांच्या समासात समर्थांनी आत्मस्तुती करणाऱ्याची गणना स्पष्टपणे मूर्खांत केली आहे. पण त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. अक्षर कसे वळवावे, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, कडेला जागा किती सोडावी, इतक्या तपशिलात समर्थ तेथे शिरतात. ज्यांना आत्मस्तुती वर्ज्य, त्यांना लेखन वर्ज्य नव्हते. स्तुती आणि वृत्तान्त यांतला भेद ओळखला की निम्मा संकोच गळून पडतो. “मी अत्यंत कष्टाळू आणि कल्पक आहे” ही स्तुती. “मी अमुक अडचण अशा रीतीने सोडवली” हा वृत्तान्त. पहिल्यावर वाचकाला केवळ विश्वास ठेवावा लागतो. दुसऱ्यावरून तो स्वतः निष्कर्ष काढतो.

हे काही नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. चांगला नांगर करणे एक आणि तो चांगला आहे हे समोरच्याला पटवणे दुसरे, हा धडा त्या घराण्याने तेव्हाच घेतला असावा. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटेखानी नियतकालिक निघू लागले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखान्याच्या मालाची आणि वाडीतील घडामोडींची माहिती ग्राहकांना द्यावी, हा त्यामागचा साधा हेतू. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले आणि महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. कारखान्याची बातमीही लोक आवडीने वाचतात. मात्र ती बातमी असावी लागते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, चाकण परिसरातील एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारा पदविकाधारक तरुण आहे. सध्या रूढ झालेल्या पद्धतीने तो लिहील : “गुणवत्तेचा ध्यास हाच माझा श्वास! संघभावनेने काम करत आम्ही नापास मालाचे प्रमाण घटवले. अत्यंत नम्रपणे कळवण्यास आनंद होतो…” इत्यादी. खाली चार टाळ्या वाजवणारे हात, दोन अग्निबाण. (नम्रपणाची दवंडी पिटण्याची ही प्रथा कोणी सुरू केली, याचा शोध घ्यायला हवा.) हा मजकूर तपासनीसाने लिहिला की विमा प्रतिनिधीने, हे ओळखता येत नाही. तेथेच तो टोपलीत जातो.

मी त्याच्याशेजारी बसून विचारीन, “बाबा रे, नेमके झाले काय?” मग तो सांगू लागेल. सेकंड शिफ्टमध्ये तयार झालेले पन्नास मिलिमीटर व्यासाचे पोलादी शाफ्ट दुसऱ्या दिवशी सकाळी तपासले की माप कमी भरे. फर्स्ट शिफ्टचे मात्र बरोबर. यंत्र तेच, कारागीरही तितकेच अनुभवी. सगळ्यांचा रोख सेकंड शिफ्टच्या माणसांवर. ह्याने दोन रात्री थांबून पाहिले. दिवसा शाफ्ट तपासणीच्या खोलीत नेत, तेथे ते निवत, मग मोजले जात आणि त्यानुसार यंत्रावर दुरुस्ती होई. रात्री ती खोली बंद, म्हणून कारागीर यंत्रावरून उतरवलेला गरम शाफ्ट तिथल्या तिथे मायक्रोमीटरने मोजत. पोलाद तापले की फुगते. पन्नास मिलिमीटर व्यास तीस अंशांनी निवला तर सुमारे १७ मायक्रॉनने आकसतो. जेथे सूटच २० मायक्रॉनची, तेथे सतरा म्हणजे सर्वस्व. रात्री पास झालेला शाफ्ट सकाळी नापास होई, तो असा. उपाय काय केला? रात्रीसुद्धा शाफ्ट निववून मगच मोजायचा.

आता पाहा, ह्यात पराक्रमाचा एकही शब्द नाही. तरी ज्याच्या कारखान्यात असाच गोंधळ चालू आहे, तो मालक हे शेवटपर्यंत वाचेल. सेकंड शिफ्टचे कारागीर दोषी नव्हते, हे त्यात आपोआप आले. ते लिहिणाऱ्याच्या स्वभावाविषयी कोणत्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा अधिक सांगते. ‘तपासणीची खोली रात्री बंद असते हे प्रथम एका हेल्परच्या लक्षात आले’ असे असेल, तर तेही लिहावे. श्रेय वाटल्याने लेखक लहान होत नाही, वाचकाचा विश्वास वाढतो. मात्र ग्राहक कंपनीचे नाव, ड्रॉइंगचा क्रमांक, कारखान्याच्या आतले छायाचित्र यांतले काहीही मालकाच्या अनुमतीवाचून देऊ नये. ज्याचे मीठ खातो त्याची गुपिते चव्हाट्यावर मांडून मिळवलेली वाहवा पुढच्या मालकाला सावधच करते.

रचनेविषयी थोडेसे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. उरलेला मजकूर ‘आणखी पाहा’च्या आड जातो. वृत्तपत्रात आम्ही ज्याला इंट्रो म्हणतो, त्याचेच हे रूप. “रात्री पास झालेले शाफ्ट सकाळी नापास का होत होते?” ही पहिली ओळ पुरेशी आहे. तेथे शुभप्रभात आणि सुविचार खर्ची घालू नयेत. एकूण मर्यादा तीन हजार अक्षरांची आहे. ती गाठलीच पाहिजे असे नाही. परिच्छेद लहान ठेवावेत, पण प्रत्येक वाक्यानंतर ओळ सोडून नाटकी उसासे टाकू नयेत. शेवटी प्रश्न विचारायचा तर ज्याचे उत्तर खरोखर हवे आहे असाच विचारावा, आणि कोणी उत्तर दिले तर त्याची दखल घ्यावी. आणखी एक : ज्याला स्वतः लिहिण्याचे धाडस होत नाही त्याने दुसऱ्याच्या लेखनाखाली आपल्या अनुभवाचे तीन-चार वाक्यांचे टिपण लिहावे. ‘खूप छान, सर’ हे टिपण नव्हे.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मजकूर लिहवून घेण्याची सोय झाली आहे. शुद्धलेखन तपासून घ्या, इंग्रजी नीट करून घ्या. त्यात गैर काही नाही. परंतु रात्री तपासणीची खोली बंद होती हे त्या यंत्राला माहीत नसते. ते तुम्हीच सांगायचे असते. न सांगता लिहायला लावले की ते पुन्हा ‘गुणवत्तेचा ध्यास’ लिहून देते.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो, आणि येथे मला पालकांशी विशेष बोलायचे आहे. नोकरी गेली तर? २०२२ च्या अखेरीपासून माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली. आपल्या मध्यमवर्गीय घरांत अशी वार्ता आली की पहिली प्रतिक्रिया ती झाकण्याची असते. मुलगा सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि वाचनालयात बसून संध्याकाळी परततो. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून जे मौन पाळले जाते, त्यामुळे ज्याच्याकडे जागा रिकामी आहे त्यालाही कळत नाही. लिंक्डइनवर छायाचित्राभोवती ‘कामासाठी उपलब्ध’ अशी हिरवी चौकट लावण्याची सोय २०२० मध्ये झाली. ती लावायला मुलगा तयार असतो, वडील म्हणतात, “लोक काय म्हणतील?” ज्यांचे मामा, काका मोठ्या पदांवर आहेत त्यांचे काम एका दूरध्वनीवर होते. ज्यांचे कोणी नाही त्यांना हे एवढेच दार आहे. ते प्रतिष्ठेपायी बंद ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, याचा विचार घरी गेल्यावर जरूर करावा.

असे निवेदन लिहिताना चार गोष्टी याव्यात : कोणते काम किती वर्षे केले, त्यातील एक दाखवण्याजोगी गोष्ट, आता कोणते काम आणि कोणत्या शहरात हवे, आणि केव्हा रुजू होता येईल. “कोणतेही काम चालेल” असे लिहू नये. वाचणाऱ्याला त्यातून काय सुचवावे हे कळत नाही. जुन्या मालकाविषयीची कटुता, ती कितीही न्याय्य असली तरी, तेथे मांडू नये. ती मांडायची ठिकाणे वेगळी आहेत. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक जाहीर करू नयेत. नोंदणीशुल्क, प्रशिक्षणशुल्क या नावांखाली पैसे मागणारे भामटे अशाच निवेदनांच्या शोधात असतात. नोकरी देण्यासाठी पैसे मागितले की संभाषण तेथेच थांबवावे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. आपल्या प्रत्येकाच्या हाती संयोजकांनी एक कोरा कागद दिला आहे. गेल्या महिन्याभरात कामात किंवा अभ्यासात अडलेली आणि सुटलेली एक गोष्ट त्यावर लिहावी. विशेषणे नकोत, सुविचार नकोत. काय अडले आणि कसे सुटले, एवढेच. भगिनींनी ‘आमचे काय, आम्ही घरीच असतो’ असे म्हणू नये. बचत गटाचा हिशेब जुळवणे हेही कामच आहे. दहा मिनिटांनी कागद गोळा करू, त्यांतले पाच-सहा मी वाचून दाखवीन आणि मग प्रश्नोत्तरांना आरंभ करू.